टोपीची खूण

कारखान्यात तिला कुणी नावानं हाक मारल्याचं कुणाला आठवत नाही. मारून उपयोगही नव्हता. जिथं ओळीनं माग धडधडत असतात, तिथं माणसानं बेंबीच्या देठापासून ओरडावं, तरी शेजारच्याला त्याचा वासलेला जबडा तेवढा दिसतो. म्हणून विणाईच्या खात्यात सगळी माणसं हातांनी बोलायची. दोरा तुटला की दोन बोटांची कात्री. तहान लागली की अंगठा ओठाला. मॅनेजर आला की गळ्याशी टाय आवळायचा आणि गेला की तोच टाय सैल करायचा. माणसांची नावंही खुणेचीच. एकाचं नाव मिशी, एकीचं नाव वेणी. एक जण दर आठवड्याला ‘घरी पाहुणे आलेत’ म्हणून लवकर सुटायचा, त्याचं नाव पाहुणा आणि त्याची खूण जेवायला बसण्याआधी हात धुतल्याची.

आणि तिची खूण होती टोपी. दोन बोटं कपाळाला लावायची, टोपीची कड खाली ओढल्यासारखी. आता जिनं जन्मात टोपी घातली नाही, तिचं नाव टोपी कसं, तर त्याला कारण आहे.

खात्यात आधी एक म्हातारे जॉबर होते. जॉबर म्हणजे खात्याचा कर्ता पुरुष. माग अडला तर त्यानं सोडवायचा, नव्या माणसाला त्यानं शिकवायचं, कुणी कुठल्या मागावर उभं राहायचं ते त्यानं ठरवायचं. या म्हाताऱ्याच्या डोक्यावर बारा महिने एक मळकी टोपी असे, म्हणून जॉबरची खूण टोपी. पुढं त्यांचे गुडघे गेले. ते खोक्यावर बसून राहायचे आणि धावपळ ही करायची. म्हातारे घरी बसले, टोपीही त्यांच्याबरोबर घरी गेली, पण खूण कारखान्यात राहिली. माग अडला की लोकांचा हात सवयीनं कपाळाकडे जायचा आणि ही हजर व्हायची. ठराव नाही, हारतुरे नाहीत. विहिरीवरचा दोर ज्याच्या हातात, त्यानंच पाणी शेंदायचं, तसं ते काम तिच्या हातात आलं.

बाहेर गल्लीत मात्र तिला सगळे भोंगा म्हणायचे. उभं आयुष्य मागांमध्ये गेल्यानं एक कान पार गेला होता, दुसरा अर्धामुर्धा उरला होता, आणि ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो बेतानं बोलणार कसा? ती नवऱ्याच्या कानात गुज सांगायची आणि समोरच्या माडीवरून उत्तर यायचं. नवरा शिवणकाम करायचा, स्वभावानं गप्प. कुणी विचारलं की म्हणायचा, एका घराला एक आवाज पुरतो.

तर झालं असं, की कंपनीनं सगळ्यांचे कान तपासायला एक गाडी आणली. गाडीत काचेची खोली, डोक्याला लावायचं यंत्र, आवाज आला की बटण दाबायचं. हिनं बटण फारसं दाबलंच नाही. तपासणाऱ्याचं यंत्र बिघडलंय असं तिला प्रामाणिकपणे वाटलं आणि ते तिनं त्याला सांगितलंही. ते बाहेर रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू गेलं.

त्यानंतर मॅनेजरनं बोलावलं. जॉबरची जागा आता रीतसर भरायची होती. हिला वाटलं, आपलंच नाव निघणार, म्हणून ती केस नीट बांधून गेली. मॅनेजर म्हणाला, बहिऱ्या बाईच्या हाती खातं देऊन मी काय आग लावून घेऊ? उद्या धोक्याची घंटा वाजली तर तुला ऐकू येणार आहे का? त्यानं ते सावकाश, एकेक शब्द चावून म्हटलं. ओठ वाचणाऱ्या माणसाला त्यामुळे शिवीसुद्धा स्वच्छ कळते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

जागा पाहुण्याला मिळाली. मागावरचा आडवा दोरा नेणारा धोटा कुठल्या हातानं धरायचा हे ज्याला हिनं शिकवलं तोच हा पाहुणा. आणि हिला घडीखात्यात धाडलं.

घडीखातं म्हणजे काचेपलीकडची शांत खोली. तिथं बायका माना खाली घालून कापडाच्या घड्या घालायच्या आणि पुटपुटत बोलायच्या. कुणी हात हलवत नव्हतं, तोंड वर करत नव्हतं. इतकी वर्षं त्या गडगडाटात हिचं कधी कुणावाचून अडलं नव्हतं, आणि या शांत खोलीत ती खरोखरची बहिरी झाली. बायका हसल्या की आपल्यालाच हसल्या असं वाटायचं. काचेतून पलीकडचं खातं दिसायचं. मधूनच एखादा हात सवयीनं कपाळाकडे जायचा, मग आठवण होऊन खाली यायचा. जेवणाचा डबा तसाच घरी यायला लागला.

डबा उघडून बघणारी होती तिची नणंद. नवरा गेल्यापासून ती भावाकडे राहायची आणि बाजारातल्या एका जुन्या इमारतीचे जिने झाडायची. जीभ कात्रीसारखी. त्या इमारतीत वरच्या मजल्यावर कामगारांना फुकट सल्ला देणारं एक कार्यालय होतं, तिथली केराची टोपली नणंदच रिकामी करायची.

“वहिनी,” तिनं डबा आपटून म्हटलं, तोंड हिच्या तोंडासमोर आणून, “घरात भोंगा आणि बाहेर भिजलेली वात. उद्या माझ्याबरोबर चल. माझी वकीलबाई बसलेली असते वर.”

“वन्सं, वकिलाची पायरी शहाण्यानं चढू नये म्हणतात.”

“ती पायरी रोज मी झाडते. मला काही झालं नाही.”

वकीलबाई वयानं हिच्या लेकीएवढी होती. एका जागी न बसणारी. खोलीत येरझारा घालत बोलायची, पण हिचा कान कळल्याबरोबर खुर्ची ओढून समोर बसली आणि नंतर पूर्ण वेळ समोरच बसून बोलली. हिला ते फार आवडलं. सगळं ऐकून घेतल्यावर वकीलबाईंनी पहिल्यांदा विचारलं, हे झालं कधी? तक्रारीला मुदत असते, मावशी, ती दुधासारखी नासते. मुदत अजून होती, पण काठावर.

मग त्यांनी कायदा सांगितला. हिला वाटलं होतं कायदा म्हणजे जाडजूड काहीतरी असणार, पण तो इतकुसा निघाला.

“मावशी, कायदा असं विचारत नाही की तुम्हाला ऐकू येतं का. तो विचारतो, ऐकू येत नाही म्हणून काम अडतं का. अडत नसेल, तर जागा नाकारता येत नाही. थोडं अडत असेल आणि साध्या सोयीनं भागत असेल, तर ती सोय मालकानं करायची.”

“माझ्यामुळे काय अडणार?” ही म्हणाली. “तिथं कुणालाच काही ऐकू येत नाही.”

हे वाक्य खाली चपला शिवणाऱ्यालाही ऐकू गेलं. वकीलबाई मात्र उठून पुन्हा येरझारा घालायला लागल्या. त्यांचे डोळे चमकत होते.

तक्रार सरकारी कार्यालयात गेली. कंपनीला नोटीस गेली. आणि घडीखात्यातली जिवंत शांतता मेल्यासारखी झाली. जुन्या खात्यातल्यांना वकीलबाईंनी साक्षीसाठी विचारून पाहिलं. मिशीनं नजर चुकवली, वेणीच्या सासूचं दुखणं नेमकं तेव्हाच वाढलं. हिला राग आला नाही. पोटाला चिमटा बसला की माणसाची जीभ टाळ्याला चिकटते. मग कंपनीनं निरोप पाठवला, की कशाला कज्जे, आपण आपसांत मिटवू. पगार थोडा वाढवून देतो, बाईंनी घडीखात्यातच राहावं आणि या विषयावर पुन्हा कुठं तोंड उघडणार नाही अशा कागदावर सही करावी.

वकीलबाईंनी तो निरोप काहीही न लपवता समजावून सांगितला. घेतलात तर भांडण इथंच संपेल, म्हणाल्या, आणि सुनावणीत काय होईल याची मी हमी देत नाही. साक्षीदार नाही आपल्याकडे. घ्यायचं की नाही, हे तुम्हीच ठरवा.

त्या संध्याकाळी या प्रकरणात पहिल्यांदा नवरा बोलला. दात आणि सुई यांच्यामधून म्हणाला, “भोंग्याला गप्प बसायचा कागद? त्यापेक्षा कोंबड्याकडून लिहून घ्यावं, की उजाडू देणार नाही.” नणंद हसून हसून भिंतीला टेकली. हीसुद्धा हसली. आणि हसता हसता तिचं ठरून गेलं. तिला जास्तीचा पगार नको होता. तिला काचेच्या पलीकडे जायचं होतं, टोपी होऊन.

सुनावणीचा दिवस उजाडला तेव्हा हिच्या अंगात कुणी नवी किल्ली दिल्यासारखं झालं होतं. लग्नाला निघाल्यासारखी ती घरभर फिरत होती. नणंदेनं जिने झाडायचे सोडून सुट्टी टाकली. वाटेत वकीलबाईंनी एकच गोष्ट घोकून घेतली. साक्ष चालू असताना मध्ये बोलायचं नाही. काही झालं तरी नाही. हिनं शपथेवर सांगितलं, तोंड उघडणार नाही.

सुनावणीच्या कार्यालयाबाहेर लांब बाक होता. एका टोकाला या तिघी, दुसऱ्या टोकाला मॅनेजर, कंपनीचे वकील आणि नव्या शर्टात पाहुणा. तोच कंपनीचा साक्षीदार. हिनं वकीलबाईंच्या कानाशी लागून अगदी हळू सांगितलं, पाहुण्याला फार पिळू नका हो, माणूस वाईट नाही, पण खोटं बोलायची वेळ आली की त्याचं पोट बिघडतं.

सगळा बाक पाहुण्याकडे वळला. पाहुणा उठला आणि घाईघाईनं संडासाकडे गेला.

आत एक मोठं टेबल होतं, मागं निवाडा करणारे अधिकारी, डोळ्यांवरून हात फिरवत बसलेले. उकाडा होता म्हणून खिडक्या उघड्या. कंपनीचे वकील गोड बोलणारे. त्यांनी पाहुण्याकडून एकेक वदवून घेतलं. बाई साध्या विणकर होत्या? होय. जॉबरचं काम त्या करत होत्या का? नाही, मदत करायच्या. खात्यात हुकूम कोण द्यायचं? मॅनेजरसाहेब. जॉबरला ऐकू येणं गरजेचं आहे का? आहे. पाहुणा पाठ केल्यासारखं म्हणत होता आणि त्याचा हात पोटावर होता. हिला त्याचे ओठ दिसत होते. प्रत्येक ‘नाही’बरोबर काचेची भिंत आणखी जाड होत चालली होती.

वकीलबाई उठल्या. त्यांनी घंटेपासून सुरुवात केली. धोक्याची घंटा माग चालू असताना तुम्हाला स्वतःला ऐकू येते? पाहुणा घुटमळला. नाही, म्हणाला, दिवे लुकलुकतात, त्यावरून कळतं. अधिकाऱ्यांनी मान वर केली. बरं, वकीलबाई म्हणाल्या, आता तुम्ही जॉबर आहात, तर माग अडल्यावर लोक कुणाला बोलावतात?

पाहुण्यानं तोंड उघडलं, आणि नेमका त्याच क्षणी खिडकीखाली रस्ता फोडायचं मशीन सुरू झालं.

काय तो आवाज. टेबलावरचा पेला थरथरायला लागला. अधिकाऱ्यांनी हात वर करून थांबायला सांगितलं. वकीलबाई थांबल्या, कंपनीचे वकील कानात बोटं घालून बसले, शिपाई खिडक्या लावायला धावला. खोलीतली सगळी माणसं आवाज संपायची वाट बघत गप्प बसली. दोन माणसं सोडून. त्या दोघांच्या अंगात इतकी वर्षं मुरलेलं होतं, की आवाज सुरू झाला म्हणजे बोलणं संपत नाही, ते हातांत उतरतं.

पाहुणा घामाघूम झाला होता. त्यानं वळून हिच्याकडे बघितलं. त्याची दोन बोटं कपाळाकडे गेली, टोपीची कड ओढली, आणि मग तळहात उताणा झाला. म्हणजे, टोपी, पुढं काय करू?

हिचा हात विचाराआधी उठला. मूठ बंद: थांब. बोट खाली: हात काढ. बोट टेबलाकडे: समोर बघ. रोज शंभरदा द्यायचा तसा हुकूम. पाहुण्यानं ताडकन हात खाली घेतला आणि शाळेतल्या पोरासारखा अधिकाऱ्यांकडे तोंड करून उभा राहिला.

मशीन थांबलं. कंपनीचे वकील खुर्चीतून जवळजवळ उडालेच. गोड आवाज कुठल्या कुठं गेला.

“साहेब, माझी सक्त हरकत आहे. इतक्या आवाजात या बाई माझ्या साक्षीदाराला हुकूम देतायत, आणि तो ते पाळतोय. मी डोळ्यांनी बघितलं.”

वकीलबाईंनी हळूच हातातली पेन्सिल टेबलावर ठेवली. मॅनेजरनं डोळे मिटून घेतले. बोलून गेल्यावर मग कंपनीच्या वकिलांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरायला लागला, उकळतं दूध चुलीवरून काढल्यावर खाली बसतं तसा.

“माझी या हरकतीला काहीच हरकत नाही,” वकीलबाई म्हणाल्या. “फक्त ती शब्दाला शब्द नोंदवून घ्यावी, एवढी विनंती.”

अधिकाऱ्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण ते कडक माणूस. आधी त्यांनी कसून चौकशी केली, म्हणजे खरंच साक्षीदाराला पढवलं का ते. पाहुण्याला बजावलं, की आता शब्द जपून वापर. काय विचारलंस तू बाईंना? आणि त्यांनी काय सांगितलं?

पाहुण्यानं एकदा मॅनेजरकडे बघितलं, एकदा हिच्याकडे. ही मुद्दाम हात मांडीखाली घालून बसली होती, न जाणो पुन्हा उठायचे. तोंड तर तिनं असं मिटलं होतं, की ओठ पांढरे पडले होते.

“मी विचारलं, पुढं काय करू,” पाहुणा म्हणाला. “तिनं सांगितलं, हात खाली घे, साहेबांकडे बघ.”

“आणि हे कपाळाला बोटं लावलीत ते?”

“ते तिचं नाव आहे, साहेब. टोपी.”

“टोपी म्हणजे?”

पाहुण्याचा पोटावरचा हात आपसूक सुटला. “टोपी म्हणजे जॉबर.”

“पण जॉबर तर तुम्ही आहात.”

“कागदावर, साहेब. माझी खूण अजून हात धुवायचीच आहे.”

मग त्याला बांध फुटल्यासारखं झालं. माग अडला की अजूनही लोक काचेजवळ जातात, बोटं कपाळाला लावतात, ही काचेपलीकडून हातांनी सांगते आणि तो ते करतो, हे सगळं त्यानं सांगितलं. वकीलबाईंना हे ठाऊकच नव्हतं. त्या हिच्याकडे वळून बघत राहिल्या. काचेकडे येणारे ते हात हिला इतके रोजचे, की ते सांगण्यासारखं काही आहे असं तिला सुचलंच नव्हतं. कपाळाकडे जाऊन मध्येच खाली येणारे तेवढे तिला बोचत होते.

बाहेर आल्यावर वकीलबाई येरझारा न घालता सरळ धावल्यासारख्या चालत होत्या. एक शब्द सांगितला होता मी, त्या म्हणाल्या, मध्ये बोलायचं नाही म्हणून.

“तोंड उघडलं का मी?” भोंगा वाजला. रस्ता फोडणारी माणसं काम थांबवून बघायला लागली.

नणंदेनं कपाळावर हात मारला. “वहिनी, आता तरी उघडू नकोस. निकाल लागायचाय.”

निकाल यायला वेळ लागला, तशी त्यांची रीतच असते. त्या दिवसांत पाहुण्याला कामावरून काढतील अशी हिला धास्ती होती. वकीलबाईंनी कंपनीला आधीच कळवून ठेवलं, की साक्ष दिली म्हणून कुणाला हात लावाल तर दुसरी तक्रार तयार आहे. पाहुणा टिकला. त्याचं पोटही सुधारलं म्हणतात.

निकालात होतं की कान हे कारण दाखवून बाईंना जागा नाकारली, ते बेकायदा. जॉबरची जागा त्यांना द्यावी. आणि धोक्याचे दिवे सगळ्या खात्यात, कोपऱ्याकोपऱ्यात बसवावेत. शेवटचं कलम वाचून मिशी म्हणाला म्हणे, बघा, एका बहिरीमुळे आपल्या सगळ्यांचे जीव वाचायची सोय झाली.

पहिल्या दिवशी ती काचेचं दार ढकलून खात्यात शिरली तेव्हा सगळे माग धडधडत होते. तो गडगडाट पायातून वर चढला आणि तिला घरी आल्यासारखं वाटलं. मॅनेजर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. निकालाप्रमाणे सगळ्यांसमोर जाहीर करणं त्याला भाग होतं, आणि ते लवकर उरकावं म्हणून त्यानं माग बंद करायला सांगितले नाहीत. खात्याकडे पाठ, तोंड हिच्याकडे, असा उभा राहून तो बोलला. चांगलं ऐसपैस बोलला. आजपासून या बाई तुमच्या जॉबर, त्यांचं सगळ्यांनी ऐकायचं, वगैरे. त्याच्या पाठीमागं उभ्या असलेल्या खात्याला ढिम्म कळलं नाही. ओठ दिसत होते एकट्या हिला.

मॅनेजर वळला आणि टाय सैल करत निघून गेला. आता तो खरोखरच टाय सैल करत होता, खूण म्हणून नव्हे.

सगळ्यांनी हिच्याकडे बघून तळहात उताणे केले. काय म्हणाला?

तिनं दोन बोटं कपाळाला लावली, छातीला लावली. मग पाहुण्याच्या मागाकडे बघितलं. दोरा तुटून लोंबत होता आणि पाहुणा दात काढून उभा होता. तिनं दोन बोटांची कात्री केली, मग समोर बोट दाखवलं.

पाहुणा वळून कामाला लागला.